धनेश लांब, बुलबुल जवळ

मंडळाच्या कोजागरीला किंवा कुणाच्या लग्नात भेट झाली की हल्ली एक प्रश्न ठरलेला असतो. "काका, जंगलातले फोटो काढायचे तर मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घेऊ की लहान?" विचारणारी मुलं पंचविशी-तिशीतली असतात. पगारातून बाजूला टाकत टाकत पैसे जमवलेले असतात, आणि एकदा कॅमेरा घेतला की पुढची सहा-सात वर्षं दुसरा मिळणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. मांडवात उभं राहून याचं उत्तर देता येत नाही. म्हणून गेल्या डिसेंबरात माझ्या भाचीने हाच प्रश्न विचारला तेव्हा मी तिला म्हटलं, दोन्ही कॅमेरे घेऊन गणेशगुडीला जाऊ. तिथे दोन दिवसांत तुला आपोआप कळेल.

बेळगावकरांना गणेशगुडी नवीन नाही. खानापूर, लोंढा, रामनगर, जगलबेट या वाटेने आपण दांडेलीला जातोच. मात्र रामनगरात चहाला थांबणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असतं की हे गाव सुपा धरणात बुडालेल्या जुन्या सुप्याच्या लोकांसाठी वसवलेलं आहे? आज ज्याला जोयडा तालुका म्हणतो तो पूर्वी सुपा तालुकाच होता. काळी नदी डिग्गीकडून निघते आणि साधारण १८४ किलोमीटर वाहून कारवारला समुद्राला मिळते. एवढ्याशा लांबीत तिच्यावर धरणं किती! त्यातलं सुपा बांधताना सुरुंगाची दारू ठेवायला गणेशगुडीच्या जंगलात एक कोठार केलेलं होतं. धरण झालं, कोठार रिकामं पडलं. आज त्याच जागेला ओल्ड मॅगझिन हाऊस म्हणतात आणि तिथे पक्षी बघणाऱ्यांची राहण्याची सोय आहे. झाडांखाली पाण्याची लहान लहान भांडी आणि खळगे केलेले आहेत, समोर आडोसा. आपण गप्प बसायचं, पक्षी अंघोळीला येतात.

बरोबर घेतलेले कॅमेरे दोन. माझा कॅनन आर६ मार्क २, मोठ्या म्हणजे फुल फ्रेम सेन्सरचा. दुसरा एका मित्राकडून मागून आणलेला आर७, लहान म्हणजे एपीएस-सी सेन्सरचा. लेन्स एकच, १००-५०० मिलिमीटरची, आलटून पालटून लावायची. निघण्याआधी भाचीने स्वयंपाकघरातला काटा काढून दोन्ही बॉड्या तोलायला ठेवल्या. बॅटरी आणि कार्डासकट मोठा ६७० ग्रॅम, लहान ६१२. फरक ५८ ग्रॅमचा. म्हणजे दोन चिमण्या. "मामा, एवढ्यासाठी भांडतात होय लोक?" ती म्हणाली. खरं ओझं बॉडीत नसतं, पण त्याकडे नंतर येतो.

पहिल्या सकाळी साडेसातला आडोशात बसलो. बाहेर रस्त्यावर ऊन आलेलं, इथे झाडांखाली अजून पहाटच. आधी नारिंगी डोक्याचा कस्तूर आला, पाचोळा उलटत उलटत. मग पिवळ्या अंगाचे, काळ्या डोक्याचे आणि गळ्याशी शेंदराचा ठिपका लावल्यासारखे बुलबुल. फ्लेम-थ्रोटेड बुलबुल म्हणतात ते हेच, आपल्या शेजारच्या गोव्याचा राज्यपक्षी. आमच्यापासून पाच मीटरवर पाण्यात उतरून पंख झटकायला लागले.

इतक्या जवळ ५०० मिलिमीटरला हा वीतभराचा पक्षी मोठ्या सेन्सरची चौकट जवळजवळ भरून टाकतो. लहान सेन्सरवर तो मावतच नाही, शेपूट नाही तर डोकं कापलं जातं. भाचीला आर७ वर लेन्स ३०० पर्यंत मागे घ्यावी लागली. उजेड इतका कमी की माझ्याकडे एफ ७.१, सेकंदाचा सव्वाशेवा भाग आणि आयएसओ ६४००. रात्री खोलीवर दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. माझ्या फोटोत गळ्याचा शेंदरी रंग स्वच्छ, पोटाची पिसं वेगवेगळी. तिच्या फोटोत सावलीतल्या भागावर रवा सांडल्यासारखे दाणे. खरं तर लेन्स मागे घेतल्यामुळे तिला एफ ५.६ मिळत होतं, म्हणजे थोडा जास्त उजेड. तरीही मोठा सेन्सर पुढेच राहिला.

असं का होतं ते आपल्या अंगणात कळतं. पावसात एक परात ठेवा आणि शेजारी ताटली. पाऊस सारखाच पडतो, पण परातीत पाणी जास्त साठतं. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा. आर७ चा २२.३ बाय १४.८. क्षेत्रफळात अडीचपटीहून थोडा जास्त फरक. चौकट पक्ष्याने भरलेली असेल तर परात जिंकणार. शिवाय एक बारीक गोष्ट. आडोशात शटरचा आवाज नको असतो. आवाज बंद करून काढायचं तर इलेक्ट्रॉनिक शटर वापरावं लागतं, आणि आर७ मध्ये ते सेन्सर वरपासून खालपर्यंत सावकाश वाचतं. पंख झटकणाऱ्या पक्ष्याचे पंख त्यात वाकडे येतात. साधं शटर लावावं तर खट्‌ असा आवाज होतो आणि कस्तूर मान वर करून बघतो.

दुपारपर्यंत भाचीचं जवळजवळ ठरलं होतं. हप्ते करू, पण मोठाच घेऊ. फोनवर अक्काला तसं सांगूनही टाकलं. अक्काने पलीकडून काय म्हटलं ते मला ऐकू आलं नाही, पण भाचीचा चेहरा बघून अंदाज आला.

संध्याकाळी नदीवर गेलो.

दांडेली-गणेशगुडी भागात धनेशांच्या चारही जाती दिसतात: महाधनेश, मलबारी कवड्या, मलबारी राखी आणि आपला गावाकडचा साधा राखी धनेश. एका जंगलात चौघे, ही काही लहानसहान गोष्ट नाही. काळीच्या काठच्या जंगलाला २०११ मध्ये धनेशांसाठी राखीव म्हणून वेगळी ओळख मिळाली ती उगाच नाही. उंबर-वडाला फळं धरली की ते त्या झाडावर येतातच, आणि दिवस कलताना नदी ओलांडून रात्रीच्या झाडाकडे जातात. पंखांचा आवाज आधी येतो, वाफेच्या इंजिनासारखा, मग पक्षी दिसतो.

पलीकडच्या काठावर कवड्या धनेशाची जोडी बसली होती. अंतर पन्नासएक मीटर. मध्ये पाणी, म्हणजे पुढे सरकायचा प्रश्नच नाही. इथे सगळं उलटं झालं. ५०० मिलिमीटरच्या लेन्समधून त्या अंतरावरच्या धनेशाची प्रतिमा सेन्सरवर जेमतेम साडेसहा मिलिमीटर पडते. सेन्सर मोठा असो की लहान, तेवढीच पडते, कारण ती लेन्स आणि अंतर ठरवतात. परात असली तरी कामाचं पाणी तिच्यातल्या एका रुपयाएवढ्या जागेवरच पडतंय, उरलेली परात आभाळाने भरतेय. आणि त्या रुपयाएवढ्या जागेत आर७ चे ठिपके जास्त दाट. तिच्या फोटोत धनेश साधारण २००० पिक्सेल लांब, माझ्या फोटोत ११००. माझ्या कॅमेऱ्याचा फोटो तिच्याएवढा कापून घेतला तर २४ मेगापिक्सेलमधले नऊच्या आसपास उरतात, तिच्याकडे पूर्ण ३२. तिच्या फोटोत चोचीवरच्या शिंगाच्या कडेचा काळा डाग आणि डोळ्याभोवतीची कातडी दिसत होती. माझ्या फोटोत धनेश आहे एवढं दिसत होतं.

लोक म्हणतात, लहान सेन्सरने ५०० ची लेन्स ८०० ची होते. होत नाही. लेन्स आहे तेवढीच राहते, लहान सेन्सर फक्त मधला तुकडा घेतो. फायदा होतो तो त्या तुकड्यात पिक्सेल दाटीने बसवलेले असतात म्हणून. आणि पक्षी लांब असेल तेव्हा मोठ्या सेन्सरचं उजेडाचं भांडवलही जवळपास संपतं, कारण पक्ष्यावरून येणारा उजेड दोघांनाही सारखाच मिळतो. दुकानातला माणूस आणि व्हिडिओवाले हे सहसा सांगत नाहीत. मोठा कॅमेरा उजेडात चांगला, अंधारात चांगला, सगळीकडेच चांगला, असं सांगणं सोपं असतं.

आता ओझ्याचं. मोठ्या सेन्सरवर तेवढाच धनेश हवा असेल तर ८०० मिलिमीटर लागणार. कॅननची २००-८०० ही लेन्स २ किलो ५० ग्रॅमची. बॉडीसकट पावणेतीन किलोच्या घरात. आर७ वर १००-४०० लावली तर ती ६३५ ग्रॅमची, बॉडीसकट सव्वा किलो. आणि लहान सेन्सरमुळे चौकट ६४० मिलिमीटरसारखी दिसते. चिमण्यांचा फरक इथे दीड किलोचा होतो, आणि पैशांचा तर विचारूच नका. अर्थात ही हलकी लेन्स ४०० ला एफ ८ ची आहे. आडोशातल्या त्या सकाळी तिने रडवलं असतं. माझी मान आणि उजवा खांदा आता तक्रार करतात, म्हणून मी बसून काढायचे फोटो पसंत करतो आणि मला मोठाच बरा. भाची मात्र रविवारी पहाटे स्कूटर काढते, खानापूरपुढच्या रस्त्याकडेला थांबते, परत येऊन सोमवारी शाळेत शिकवायला जाते. पावणेतीन किलो ती दोन महिने नेईल. तिसऱ्या महिन्यात कॅमेरा कपाटात.

याहून मोठी गोष्ट मी तिला नदीवरून परतताना सांगितली. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि तोंड लिंपून घेते. राहते फक्त एक फट. पुढचे दोन-तीन महिने नर तिला, आणि मग पिल्लालाही, त्या फटीतून भरवतो. ढोलीजवळ माणसं उभी असतील तर नर चोचीत फळं घेऊन दूरच्या फांदीवर बसून राहतो. आपण हलत नाही, तो येत नाही, आत मादी उपाशी. या दिवसांत झाडाखाली तिकाटणी लावून बसलेले लोक मी बघितलेत. त्यातल्या बऱ्याच जणांकडे चांगल्यातला चांगला कॅमेरा होता, फक्त लेन्स लांबवर पुरत नव्हती. मग पाय पुरवतात. म्हणून लांबचा पक्षी लांबूनच नीट टिपता येणं हा माझ्या हिशेबी नुसता पिक्सेलचा मामला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आडोशात बसलो. या वेळी ती मोठा कॅमेरा घेऊन बसली आणि मी लहान. स्वर्गीय नर्तक आला, लांब पांढऱ्या शेपटीचा नर, पाण्यावर तीनदा सूर मारून गेला. तिचे फोटो सुंदर आले. तिने ते बघितले, कॅमेरा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "हा इथला कॅमेरा, मामा. मी इथे वर्षातून एकदा येणार."

तिने आर७ आणि १००-४०० घेतली. हप्ते करावे लागले नाहीत. आडोशाला जायचं झालं तर माझी बॉडी तिची आहेच, दोन्हींना लेन्स एकच बसते. अंधाराच्या फोटोंतले दाणे हल्ली संगणकावर बरेच साफ होतात. सगळे नाही, पण घरच्या भिंतीवर लावण्याइतके नक्की.

तुमच्यापैकी जे घेणार आहेत त्यांनी दुकानात जायच्या आधी गेल्या वर्षीचे आपले फोटो उघडावेत, मोबाइलवरचे असले तरी चालतील. आपण कुठे गेलो, किती वाजता गेलो आणि पक्षी किती लांब होता, एवढंच बघायचं. वेंगुर्ल्याचा किनारा, गोव्यातली खाजणं, आपल्याकडची तळी, ही सगळी उघड्यावरची आणि लांबची ठिकाणं आहेत. तिथे लहान सेन्सर. आंबोलीत पावसाळी रात्री बेडूक शोधणाऱ्यांनी, किंवा घाटातल्या दाट झाडीत बसणाऱ्यांनी मोठ्याचा विचार करावा. काळीच्या जंगलात जीपने सफारीला जाणाऱ्यांची पंचाईत आहे, कारण तिथे पहाटेचा अंधारही असतो आणि अंतरही. तिथे मी नुसती दुर्बीण नेतो.

मार्चमध्ये भाचीने एक फोटो पाठवला. झाडाच्या बुंध्यात लिंपलेली ढोली, बाजूला लटकलेला नर, चोचीच्या टोकाला एक फळ. फोटोत थोडे दाणे आहेत. ती रस्त्यावरच उभी होती, पाच-सात मिनिटं थांबली आणि निघाली. झाड कुठलं ते तिने मलाही सांगितलेलं नाही, आणि मी विचारलंही नाही. घरच्या ग्रुपवर अक्काने खाली लिहिलं, "पक्षी छान. पण एवढे पैसे घालून तो आणखी जवळ नाही का गं येत?"