संतमसाचा सातबारा

वाचनालयात खगोलशास्त्राचे एक पुस्तक हाती लागले आणि त्या दिवशी अर्थशास्त्राचा तास बुडाला. (सर क्षमा करतील.) एचडी ८६०८१ या ताऱ्याला २०१९ साली ‘बिभा’ हे नाव मिळाले, विश्वकिरणांच्या अभ्यासक बिभा चौधुरी यांच्यावरून. त्याभोवती फिरणारा वायूचा गोळा म्हणजे ‘संतमस’, मेघाच्छादित. वस्तुमान गुरूच्या सुमारे दीडपट, अंतर ३४० प्रकाशवर्षे. बिभाचा आज दुर्बिणीत शिरणारा उजेड संभाजीराजांच्या काळात निघालेला! संतमसाचे वर्ष अवघे ५१ तासांचे. दर दोन दिवसांनी दिवाळी, आणि दर दोन दिवसांनी कॉलेजची फीसुद्धा.

सुट्टीत घरी गेले तेव्हा चुलीपुढे आईला हे सांगू लागले. तिथल्या विजा, ढगांचे पेटते डोंगर, सगळे मनचेच रंगवून.

“ढग हायेत तर पाऊस आसंल की.”

हजार अंशांच्या वर उष्णता, पाण्याचा थेंब टिकायचा नाही, असे मी म्हटले.

“मग जमीन भेगाळली आसंल.”

जमीनच नाही, खाली नुसता वायू, असे सांगताच भाकरी उलथणारा तिचा हात थांबला.

“कुनाच्याच नावावर न्हाई?”

“कुणाच्याच नाही.”

“मग खुरपायला कोन बोलावनार न्हाई तिथं,” म्हणून ती हसली. मला मात्र हसू आले नाही. माझी फी त्या खुरप्यावरच भरली जाते.

सकाळी मीही तिच्याबरोबर गेले. पात धरता धरता ती शेजारणीला सांगत होती, “आमच्या पोरीला एक मुलूख ठावं हाय, बिनजमिनीचा.”