ताल पोचत नाही

माझी सासुरवाडी शाहपूरची. गोव्यात हे सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे ठाण्याकडचं शहापूर?" नव्हे. हे शाहपूर मध्य प्रदेशात, बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या हद्दीजवळ. केळीच्या बागा, कापूस, सरकारी कागद हिंदीत आणि घरातलं बोलणं मराठीत. आपल्याकडे अर्ज इंग्रजीत, वर्तमानपत्र मराठीत आणि भांडण कोकणीत, तसलाच प्रकार. त्यामुळे मला तिथे परकं असं कधी वाटलं नाही.

माझे सासरे, म्हणजे अण्णा, वारकरी वळणाचे. गळा खणखणीत आणि टाळाची बोटं पक्की. लग्नानंतर जवळजवळ दरवर्षी ते चवथीला आमच्याकडे फोंड्याला यायचे. घुमटावर त्यांचा भारी जीव. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला, तेव्हा मी त्यांना मुद्दाम फोन करून सांगितलं होतं. आमचं घुमट आणि शमेळ, त्यांचे टाळ, असा आरतीचा मेळ आमच्या माटोळीखाली जमायचा.

२०२० साली ते येणं शक्यच नव्हतं. चवथ २२ ऑगस्टला होती. सगळं जग तेव्हा मोबाईलच्या पडद्यावर भेटत होतं, तेव्हा आम्हीही ठरवलं की आरती व्हिडिओ कॉलवर एकत्र म्हणायची. इथे आम्ही, तिथे अण्णा आणि घरची मंडळी.

पहिल्या कडव्यातच सगळं विस्कटलं. आम्ही समेवर आलो की अण्णा अजून मागेच. ते ऐकून आम्ही थांबायचो, आमचं थांबणं ऐकून ते थांबायचे, आणि आरती बैलगाडीच्या चालीने रेंगाळू लागली. मध्येच टाळ गायब व्हायचे. मग आमचं घुमट तिकडे पोचेना. चित्राचं तर विचारूच नका. निरांजन ओवाळायला लागलो की पडद्यावर नुसते चौकोन. भाचा म्हणाला, रेंज नाही. पण रेंज होती. गप्पा मारताना सगळं व्यवस्थित चालत होतं.

मी कलाशाखेचा माणूस, पण हे कोडं डोक्यातून जाईना. मिळेल तिथून वाचत गेलो, आणि शेवटी ते मला माझ्याच कचेरीच्या भाषेत समजलं.

समजा, शंभर पानांची फाईल पर्वरीला पाठवायची आहे. नेटवर्क काय करतं, तर तिची पानं सुटी करतं, प्रत्येकावर क्रमांक घालतं आणि वेगवेगळ्या शिपायांच्या हाती देतं. कोण पणजीवरून जाईल, कोण म्हापशाला वळसा घालून. तिथला कारकून पानं क्रमाने लावतो, एखादं हरवलं तर पुन्हा मागवतो, आणि पूर्ण झाल्यावरच फाईल पुढे सरकवतो. पत्राला, फोटोला हे उत्तम. उशीर झाला तरी माल पुरा.

पण आवाजाचं तसं नाही. बोलण्यातला एक शब्द दोन सेकंदांनी पोचला तर तो कशाला हवा? संभाषण तोवर पुढे गेलेलं असतं. ही अडचण फार जुनी. १९७४ साली अमेरिकेतल्या आर्पानेटवर डॅनी कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोलणं पाकिटांत बांधून पाठवलं होतं. हरवलेलं पान पुन्हा मागवत बसू नका, आहे तेवढं वेळेवर द्या, असा त्यांच्यासारख्यांचा आग्रह. त्यातूनच पुढे यूडीपी नावाची वेगळी पद्धत आली. १९८० साली जॉन पोस्टेल यांनी ती लिहून काढली. ती पद्धत कुणाची पोच घेत नाही. गेलं ते गेलं.

पानं वेळेवर आली तरी सारख्या अंतराने येत नाहीत. म्हणून घेणाऱ्या बाजूला थोडा साठा करतात. गच्चीवरच्या टाकीसारखा. नळाला पाणी कधीही येवो, टाकीतून धार एकसारखी पडते. मात्र टाकी भरायला जो वेळ लागतो, तेवढा उशीर कायमचा पदरी पडतो. त्यात आवाज दाबून लहान करायचा, पुन्हा उलगडायचा, मोबाईलच्या टॉवरवर रांगेत थांबायचं, हे सगळं वेगळंच.

खरं म्हणजे प्रकाश काचेच्या तारेतून सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. फोंडा ते शाहपूर सरळ ७०० किलोमीटर धरलं तर साडेतीन मिलिसेकंद. म्हणजे अंतराचा दोष जवळजवळ नाहीच! उशीर सगळा वाटेवरच्या टेबलांवर होतो. हे वाचल्यावर मला हसू आलं. सरकारी माणसाला यात नवीन काय?

दूरध्वनीवरच्या बोलण्याला एका बाजूचा १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर फारसा जाणवत नाही, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं मानक सांगतं. पण एकत्र वाजवणाऱ्यांना साधारण २५-३० मिलिसेकंदांपलीकडे जड जाऊ लागतं. २०० मिलिसेकंद म्हणजे तर हवेतून जाणाऱ्या आवाजाचे जवळपास ७० मीटर. घुमट देवळाच्या चौकात आणि टाळ तळीच्या पलीकडे. कशी जमणार आरती?

शिवाय ही ॲप्स बोलण्यासाठी बनवलेली. माणसाचा आवाज नाही तो गोंगाट, असा त्यांचा हिशेब. टाळांचा लांबणारा झंकार त्यांना पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो आणि ती तो पुसून टाकतात. दोन्हीकडून एकदम आवाज आला तर प्रतिध्वनी समजून एकाचा गळा दाबतात. चित्राच्या बाबतीत, मागच्या चित्रापेक्षा जे बदललं तेवढंच पाठवायचं, अशी काटकसर असते. हलती ज्योत आणि उडणारी फुलं म्हणजे सगळंच बदललेलं. आरतीइतकं या यंत्रणेला अवघड दुसरं काही नसावं.

उपाय आहेत. जॅम्युलस नावाचं मोफत सॉफ्टवेअर खास एकत्र वाजवणाऱ्यांसाठी आहे. पण त्याला तारेची जोडणी आणि संगणक लागतो. शाहपूरच्या घरात आहे तो एक मोबाईल.

दुसऱ्या दिवशी आम्ही वेगळी युक्ती केली. आमचा माईक बंद. अण्णांनी म्हणायचं, आम्ही त्यांच्यामागून. आमच्या घरात आरती सुरेख जमली. कितीही उशिरा येवो, त्यांचा आवाज आणि आमचं घुमट एकत्रच वाजत होतं. पण तिकडे? अण्णा शांत पडद्याकडे बघत एकटेच म्हणत होते. आमचं घुमट त्यांना ऐकूच येत नव्हतं. तिसऱ्या कडव्यानंतर ते थांबले. म्हणाले, "जावईबापू, तुम्ही म्हणा. मी आपला ऐकत बसतो."

हिचा चेहरा तेव्हा बघवत नव्हता.

बाजू उलटवली तरी तेच. एकाने गायचं, दुसऱ्याने ऐकायचं. नेटवर्क एवढंच देतं. दोघांनी एकमेकांना ऐकत एका क्षणी टाळी द्यायची, ते नाही. शाहपूरच्या बाबतीत टेबलं कमी झाली तर उद्या जमेलही. पण माझा एक चुलतभाऊ टोरोंटोला असतो. तिथवर जायला प्रकाशालाच साठ मिलिसेकंदांहून जास्त लागतात. त्याच्याबरोबर आरती म्हणायची तर विमानाचं तिकीटच काढावं लागेल.

अण्णांना आता गुडघ्यांमुळे प्रवास झेपत नाही. आता चवथीला कॉल होतो तो फक्त दर्शनापुरता. आरती आम्ही फोनवर नीट रेकॉर्ड करतो आणि ही ती फाईल रात्री शाहपूरला पाठवते. कधी कधी तासभर लागतो, पण सगळी पानं पोचतात, शमेळाचा एकेक घाव पोचतो. सासूबाई सांगतात की अण्णा जेवणं झाल्यावर ती लावून टाळ घेऊन बसतात. एका ठिकाणी घुमटवाला लय वाढवतो, तिथे ते दरवेळी किंचित मागे पडतात. मग फाईल मागे नेऊन तेवढंच पुन्हा वाजवतात.