जपानी शेरा

ओसाका आणि क्योतो यांच्या मध्ये हिराकाता नावाचे गाव आहे. माझे लेक-जावई तेथे राहतात आणि नात तेथल्याच प्राथमिक शाळेत जाते. गेल्या वसंतात मी महिनाभर त्यांच्याकडे होतो. एके संध्याकाळी लेक डोळ्यांत पाणी आणून बसलेली दिसली. पुढ्यात नातीची 'रेनराकुच्यो', म्हणजे बाईंनी घरी निरोप धाडायची वही, उघडी होती. तीत शेरा होता : 'कि गा चिरियासुइ.'

"हिचं लक्ष नसतं म्हणे, बाबा. आई गेली तेव्हापासून हे असंच चाललंय."

आमची ही आदल्या श्रावणात गेली. नातीला तिचा फार लळा.

नात मात्र भाषेत आईपेक्षा पक्की! ती म्हणाली, "लक्ष नाही असं नाही लिहिलंय. 'चिरु' म्हणजे साकुरा पडतो ना आजोबा, तसं." आणि तिने खिडकीबाहेर बोट दाखवले. चेरीच्या पाकळ्या वाऱ्यावर भिरभिरत होत्या. 'कि' म्हणजे चित्त. ते असे पाकळ्यांसारखे विखुरते, एवढेच बाईंनी लिहिले होते. आमच्या मास्तरांनी असा शेरा मारला असता तर मी तो चौकटीत लावला असता. त्यांनी लिहिले होते, 'ठोंब्या'.

मग मला नादच लागला. रात्री आम्ही आजोबा-नात कागद घेऊन बसलो. मन एकाग्र करणे याला रोजचा शब्द 'शूच्यू'. त्यातले पहिले अक्षर म्हणजे झाडावर बसलेला पक्षी, दुसरे म्हणजे मध्य. दिवेलागणीला पाखरे झाडावर जमतात तसे मन गोळा करून मध्यावर आणायचे. आपण लक्ष 'देतो', मन 'लावतो'; पण ते आधी उडालेले असते हे जपानी अक्षर लिहितानाच कबूल करून टाकते. 'नेच्च्यू' म्हणजे तापून रंगणे. पुढे एक अक्षर जोडले की तोच ऊन लागण्याचा आजार होतो, तेव्हा जरा बेतानेच! सर्वांत गोड 'मुच्यू'. त्याचा अक्षरार्थ 'स्वप्नात'. खेळता-वाचताना देहभान हरपले की तो मुच्यू.

आणि एका शब्दाने तर मी उडालोच. 'दोकुशो झान्माई', म्हणजे वाचनसमाधी! आपली संस्कृत समाधी बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे येथे आली आणि झान्माई झाली. आपण समाधी म्हटले की आळंदी आठवून हात जोडतो. येथे ती संसारात रुळली आहे. एका प्रसिद्ध खाणावळमालिकेचे नावच मुळी 'सुशी झान्माई' आहे!

रविवारी आम्ही दोघे क्योतोला सान्जूसान्गेन्दो पाहायला गेलो. सुमारे १२० मीटर लांबीचे हे लाकडी देऊळ आगीनंतर १२६६ साली पुन्हा उभे राहिले. याच्या पश्चिमेच्या ओसरीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत बाण मारण्याच्या चढाओढी चालत. १६८६ साली वासा दाइहाचिरो नावाच्या तरुणाने एका दिवसरात्रीत १३,०५३ बाण सोडले. त्यांतले ८,१३३ पार गेले. उरलेल्या ४,९२० बाणांबद्दल त्याच्या वहीत कोणी शेरा मारल्याचे ऐकिवात नाही.

आत कान्नोनच्या, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराच्या, १,००१ मूर्ती. चेहरा प्रत्येकीचा किंचित निराळा. ज्याला भेटावेसे वाटते त्याचा चेहरा यांत सापडतो, अशी समजूत आहे. मी हे नातीला सहज सांगून गेलो. मग पोर हलेना. रांगेमागून रांग, चेहऱ्यामागून चेहरा ती न्याहाळीत राहिली. शेजारून एक सहल कलकलाट करीत गेली. हिने मान वळवली नाही. तास उलटला. 'मुच्यू' मला तेथे कळला. कोणाला शोधतेस, हे मी विचारले नाही.

परतीच्या गाडीत आम्ही पहिल्या डब्यात चालकाच्या काचेमागे उभे राहिलो. पांढरे हातमोजे घातलेला हा गृहस्थ दर सिग्नलकडे बोट रोखतो आणि काय दिसले ते मोठ्याने म्हणतो. ऐकायला कोणी नाही! डोळा, हात, तोंड आणि कान या चौघांना एकाच कामाला जुंपले की मनाला निसटायला फट उरत नाही, अशी ही युक्ती. नातही काचेला नाक लावून सिग्नलकडे बोट करू लागली.

हिराकाता जवळ आले तेव्हा ती बोट खाली न घेताच म्हणाली, "आजोबा, सापडली."

"कुठं गं?"

"मागून दुसऱ्या रांगेत. चष्मा नव्हता ना, म्हणून वेळ लागला."