वेळासचा निरोप

निघताना मराठी माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. अशुभ टाळण्याची ही रीत मी वर्गात वीस वर्षे शिकवीत आलो आहे, आणि मुलेही ती वहीत निमूटपणे उतरवून घेत आली आहेत. परंतु या शब्दाला वजन किती असते, हे पाहायचे तर रत्नागिरी जिल्ह्याच्या अगदी उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यात वेळास म्हणून गाव आहे, तिथे चार दिवस राहावे आणि मग निघावे.

वेळास हे मुळी निघून जाणाऱ्यांचेच गाव. नाना फडणवीसांचे भानू घराणे इथले. नाना जन्मले साताऱ्याला, १७४२ साली. वारले पुण्याला, १८०० साली. त्यांचे पूर्वज श्रीवर्धनच्या भटांबरोबर, म्हणजे पुढे पेशवे झालेल्यांबरोबर, सिद्दीच्या जाचाला कंटाळून देशावर गेले, ते तिकडचेच झाले. पुढे पेशवाई संपली आणि मुंबई आली. वाट बदलली एवढेच; चालणारे थांबले नाहीत. आज गावातून फिरताना पोफळींच्या सावलीत एखादे नेटके, झाडलेले अंगण दिसते आणि त्याच्या शेजारी कुलूप दिसते. कुलूपही तेल घातलेले, बरे का! मे महिन्यात आणि गणपतीला ते उघडायचे असते.

मी गेलो होतो मार्चमध्ये, कासवांसाठी. ऑलिव्ह रिडले जातीची मादी थंडीच्या दिवसांत रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालते, खड्डा बुजवते आणि मागे न पाहता समुद्रात निघून जाते. पूर्वी ही अंडी माणसेच खणून नेत. उरलीसुरली कुत्री आणि कोल्हे. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने इथे संरक्षणाचे काम सुरू केले आणि गावच राखणदार झाले. आता अंडी जाळीच्या कुंपणात नेऊन पुरतात आणि सुमारे पन्नास दिवस वाट पाहतात. सकाळ-संध्याकाळ टोपली उचलायची, खाली पिल्ले आली आहेत का पाहायचे.

पहिले दोन दिवस टोपलीखाली नुसती वाळू निघाली. पुण्याहून आलेली मंडळी रागावून परत गेली. जणू काही कासवांनी तिकिटे विकली होती! तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र सत्तावीस पिल्ले निघाली. त्यांना उचलून पाण्यात सोडत नाहीत. ओल्या वाळूच्या अलीकडे ठेवतात आणि चालू देतात. आपला किनारा ती त्या पहिल्या वेळीच ओळखून ठेवतात आणि माद्या मोठेपणी त्याच भागात अंडी घालायला येतात, असे अभ्यासक मानतात. हजारांतले एखादेच त्या वयापर्यंत पोचते. एक पिल्लू लाटेने तीनदा मागे फेकले. चौथ्यांदा लाट ओसरली तेव्हा वाळू मोकळी होती.

ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकूंना हे सांगितले. त्या कुळीथ निवडीत होत्या. २०२२ च्या जानेवारीत इथल्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला खूण पाठवणारे यंत्र बसवले आणि तिचे नाव प्रथमा ठेवले, ही हकीगत त्यांनीच मला ऐकवली. “कुठं आहे ते कळायचं म्हणे तिचं,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडे मोबाईल आहे, पण तो उचलायला नको का कुणी?”

त्यांचा मुलगा माझा जुना विद्यार्थी. डोंबिवलीला असतो. “सर, आईला जरा समजवा, तुमचं ऐकेल,” असे त्याने बजावून सांगितले होते. सत्तरी ओलांडलेल्या बाईने एवढ्या घरात एकटीने का राहावे? त्याचेही खोटे नव्हते. शेवटच्या संध्याकाळी मी विषय काढला. काकू काही बोलल्या नाहीत. मला वाडीत घेऊन गेल्या. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात त्यांच्या बहुतेक पोफळी आणि सात माड एका दुपारी आडवे झाले होते. त्या मोकळ्या जागेत आता कमरेच्या वर गेलेली रोपे ओळीने उभी होती. वादळानंतर दुसऱ्या पावसाळ्यात लावलेली.

“पोफळ सात-आठ वर्षं घेते धरायला,” त्या म्हणाल्या. “ही अजून लहान आहेत. एवढ्यात कशी निघू?”

मी एम. ए. झालो आहे, पण याला उत्तर मला सुचले नाही.

सकाळी रिक्षा दाराशी आली तेव्हा ओटीवर माझ्या पिशवीशेजारी दुसरी एक पिशवी तयार होती: कुळथाचे पीठ, आंबोशी, कोकमे आणि वर्तमानपत्रात बांधलेले एक जड काहीतरी. “तेवढं त्याला पोचतं करा.” वाकून नमस्कार केला आणि म्हणालो, “येतो, काकू.”

“या हं, मास्तर,” त्या म्हणाल्या आणि पाटाचे पाणी सोडायला वाडीकडे वळल्या. रिक्षा सुटेपर्यंत दारात उभे राहण्याची चाल त्या घराला नसावी.

बाणकोटच्या किल्ल्याखालून रस्ता खाडीकाठाने वेसवीला जातो. हा किल्ला पेशव्यांनी १७५६ च्या तहाने इंग्रजांना दिला. वेसवीहून फेरीबोट सावित्री ओलांडून बागमांडल्याला नेते. महाबळेश्वरला उगम पावलेली ही नदी इथे एवढी रुंद होते की पलीकडची माणसे ठिपक्यांएवढी दिसतात. बोट मध्यावर आली आणि मोबाईल वाजला.

“बोललात का सर आईशी?”

“बोललो. पोफळी धरेपर्यंत थांब म्हणाली.”

बराच वेळ नुसता बोटीच्या इंजिनाचा आवाज. मग त्याने विचारले, “कुळथाचं पीठ दिलंय का?”

“दिलंय,” मी म्हटले.