सड्यावरची वाट

4 मार्च
गाडी दारात आली. 2021 ची थार, डिझेल, दुसऱ्या हातची. शेजारपाजार रंग बघत होता. बाबा काठी टेकून वाकले आणि खालून पुढच्या चाकांकडे जाणारा दांडा शोधला. "आहे," म्हणाले. ओट्यावर जाऊन बसले.

6 मार्च
गिअरच्या काठीशेजारी दुसरी आखूड काठी. टू-एच, फोर-एच, न्यूट्रल, फोर-एल. टू-एचमध्ये ओढ मागच्याच चाकांना. फोर-एचमध्ये चारही चाकांना. फोर-एलमध्येही चारही, पण वेग पडतो आणि ओढ सुमारे अडीच पट. फोर-एलला गाडी उभी करायची, क्लच दाबायचा, मुख्य गिअर न्यूट्रलला, मगच आखूड काठीला हात.

बाबांनी डिचोलीच्या खाणीवर जीप चालवली, 2012 मध्ये खाणी बंद होईपर्यंत. त्या जीपला फोर-व्हील लावायचं तर आधी खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांच्या हबवरची कळ हाताने फिरवायची. पावसात, लाल चिखलात. "म्हणून चिखल दिसला की अलीकडेच उतरायचो, बाय. आत रुतल्यावर कोण उतरतो?"

आज बरंच बोलले. खाणीबद्दल एरवी बोलत नाहीत.

7 मार्च
रात्री बाबांचा गुडघा सुजला. सड्यावरच्या आमच्या काजूंचं नाव काढलं नाही.

9 मार्च
पेडण्याच्या रस्त्यावर फोर-एच लावून बघू का, विचारलं. "डांबरावर नको." घरी आल्यावर अंगणात काठीने रेघा काढून दाखवलं. वळणावर पुढची चाकं मोठा वळसा घेतात, मागची लहान. फोर-एचमध्ये पुढचा-मागचा दांडा एकमेकांना जखडलेला, दोघांचे फेरे सारखेच. मातीत चाक जरासं घसरतं आणि तो फरक सुटतो. कोरड्या डांबरावर घसरायला वाव नाही. ताण दांड्यांत, गिअरांत साठत जातो. स्टिअरिंग जड होतं, टायर घासतात. काही गाड्यांत मधे आणखी एक डिफरन्शिअल असतो, तो हा फरक पोटात घेतो. या गाडीत तो नाही.

माझ्या डोक्यात नेमकं उलटं होतं, की फोर-व्हील म्हणजे सगळीकडे जास्त सुरक्षित. ब्रेकलाही त्याची मदत नाही, हे बाबांनी दोनदा सांगितलं. चालती गाडी थांबवायला रस्त्याची पकड लागते, आणि ती टायरची.

13 मार्च
तेरेखोलला आत्याकडे. गाव गोव्याचंच, पण नदीपलीकडे. फेरीतून उतरताना सुकती होती. धक्क्याच्या उताराचं खालचं टोक उघडं, शेवाळलेलं. सरळ चढ, वळण नाही, ओलं. बाबांनी आखूड काठीकडे नुसतं बोट केलं. फोर-एच. चाक घसरलं नाही. वर कोरडं लागताच परत टू-एच.

14 मार्च
घरमालकाला भाडं. टायरला हवा.

17 मार्च
संध्याकाळी सुरूच्या बनाकडून आरडाओरडा. काळी पाटी, पिवळे आकडे, भाड्याची गाडी. पाण्याच्या रेषेजवळ रुतलेली. आत चार मुलं. गाडीत गोल चकती, त्यावर वाळूचं चित्र, आणि काटा त्यावरच. "मोड तर बरोबर आहे," असं चालवणारा मुलगा पुन्हा पुन्हा म्हणत होता. रडवेला झाला होता. वाळूचा मोड अॅक्सिलरेटर, ब्रेक वगैरेंना वेगळं वागायला लावतो, एवढंच. अॅक्सल वाळूवर टेकला की चाकांखाली धरायलाच काही उरत नाही. तो जेवढा रेटत होता, गाडी तेवढी खाली जात होती.

भरती चढत होती. टायरची हवा 18 पीएसआयपर्यंत उतरवली. चाकांपुढची वाळू हातांनी काढली, खाली पोती घातली. दोराच्या मध्यावर ओली गोणपाटं टाकून सगळ्यांना लांब उभं केलं. दोर तुटला तर झेप घेतो. थार मी बनातल्या कडक जमिनीवरच ठेवली, फोर-एलमध्ये हळूहळू ओढली. निघाली.

बाबा येऊ शकले नाहीत. घरी मला सगळं विचारलं. शेवटी विचारलं, चाकोऱ्या बुजवल्या का?

18 मार्च
सकाळी मी फावडं घेऊन गेले. बुजवल्या.

किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे, पोलिस गुन्हाही नोंदवतात. मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 मध्ये सुरू झाला, तेव्हापासून या टोकाला भाड्याच्या गाड्या वाढल्यात. खाली मांद्रे, मोरजीला कासवं अंडी घालायला चढतात. पिल्लू सुमारे दीड इंचाचं. चाकोरी त्याला खंदकासारखी. ते चढून पार करेपर्यंत ऊन तापतं, खेकडे आणि कावळे येतात. मला त्या मुलांचा राग आला नाही. त्यांना गाडी देताना कुणीच काही सांगत नाही, त्याचा आला.

22 मार्च
सडा. एकटीच गेले, आधी वाट बघून यायला. जुन्या चिरेखाणीपासून फोर-एल, पहिला गिअर. वरच्या वळणावर एक मागचं चाक अधांतरी आलं आणि नुसतं गरगरलं. अॅक्सिलरेटर होता तिथेच ठेवला. गाडीने त्या चाकाला आपोआप ब्रेक लावला, ओढ जमिनीवरच्या चाकाकडे गेली, वर आले.

उतरताना पाय ब्रेकवरून काढायचा. पोटात गोळा. पण इंजिनच गाडी धरून ठेवतं, माणसाच्या चालीने खाली आणतं.

बोंडू धरलेत. भरपूर.

25 मार्च
बाबांना नेलं. मागचा हंगाम त्यांनी ओट्यावरून काढला होता. चिरेखाणीपाशी "थांब" म्हणाले, खिडकीतून पुढची जमीन बघितली, मग "डावं चाक त्या चिऱ्यावर घे." वरच्या वळणावर चाक अधांतरी गेलंच नाही.

वर खुर्ची टाकून दिली. पिवळे बोंडू वेगळे, तांबडे वेगळे करत दुपारपर्यंत बसले. जेवायला उठायचं नाव नाही.

2 एप्रिल
भट्टीवाल्याचा माणूस टोपल्या घेऊन गेला. बाबांनी भावावरून चांगलीच हुज्जत घातली.

19 एप्रिल
वाटेत आमच्याच चाकांनी दोन खोल पाट पडलेत. मी फोर-एल आहे म्हणून निर्धास्त होते. बाबा नव्हते. "जूनमध्ये यातूनच पाणी धावणार. माती जाईल, मग झाडांची मुळं."

11 मे
जुन्या चिरेखाणीतले टाकाऊ चिरे आणून वाटेत तिरपे आडवे बसवतोय, पाणी बाजूला रानात वळावं म्हणून. बाबा गाडीत बसून जागा दाखवतात. पाऊस लागला की गाडी सड्यावर न्यायची नाही, असं ठरलं. त्यांनीच ठरवलं.

खालचा अर्धा भाग झाला. वरचं वळण राहिलंय. चिरे कमी पडतात.