पर्समध्ये न मावणारा गेम

सगळं सुरू झालं पर्सवरून.

आठवड्यातले तीन दिवस मी नाशिकरोडहून पंचवटी पकडते. ऑफिस मुंबईत, घर नाशिकला, मधे साडेतीन तास. पासवाल्यांच्या डब्यात कुणी डुलकी काढतं, कुणी भिशीचे हिशोब करतं, मी गेम खेळते. हो, बत्तीस वर्षांची, हाताखाली सहा जणांची टीम असलेली बाई गेम खेळते! हसून घ्या एकदाचं.

माझा साथीदार म्हणजे निन्टेंडोचा स्विच लाइट. २०१९ मध्ये आलेलं छोटं मॉडेल. साडेपाच इंची स्क्रीन, वजन जेमतेम पावणेतीनशे ग्रॅम. डबा, छत्री, पाण्याची बाटली, चार्जर या सगळ्या गर्दीत तो बिचारा अंग चोरून बसतो. दादरला उतरून लोकलच्या दाराशी लटकायचं असतं तेव्हा असा साथीदार बरा.

आता मोठा घ्यायचा का? हा प्रश्न माझ्या डोक्यात ऑफिसमधल्या एका मित्राने घातला. त्याच्याकडे २०२१ मध्ये आलेलं ओएलईडी मॉडेल. सात इंची स्क्रीन, रंग असे की बघत राहावं. ‘टिचभर स्क्रीनवर अजून किती दिवस डोळे फोडणार तू?’ असं तो रोज ऐकवायचा. मी मोबाइलवर हिशोब मांडला. मोठ्याचं वजन ४२० ग्रॅम. (आकडाच संशयास्पद, नाही का?) खिशात मावत नाही, पर्समध्ये डब्याशी भांडण. वीस मिनिटं हातात धरलं की मनगट बोलायला लागतं. शिवाय गंमत बघा, स्क्रीन मोठी झाली तरी त्यातले ठिपके तेवढेच. लाइटवरही १२८० बाय ७२०, ओएलईडीवरही १२८० बाय ७२०. म्हणजे चित्र अधिक बारकाईने दिसत नाही, नुसतं मोठं दिसतं. तेवढ्यासाठी पगाराचा एवढा तुकडा मोडायचा? कॉलेज रोडच्या एका दुकानात विचारलं तर मालक म्हणाला, ‘इम्पोर्टेड पीस आहे मॅडम, वॉरंटी-बिरंटी विचारू नका.’ झालं, विषय संपला. निदान मला तरी तसं वाटलं.

विषय संपला नाही, कारण अप्पा.

अप्पा प्रेसमध्ये होते. नाशिकरोडला ‘प्रेस’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते, जिथे नोटा छापतात ती. छापलेले ताव तपासायचं त्यांचं काम. केसाएवढी रेघ पुसट असली तरी त्यांना दिसायची. मी तिसरी-चौथीत असताना त्यांनी मेन रोडवरून मला तो पिवळा ब्रिक गेम आणला होता. तोच हो, दोन पेन्सिल सेलवर चालणारा, वर ‘९९९९ इन १’ असं ठोकून दिलेलं आणि आत खरे गेम मोजून दहा-बारा. आणला माझ्यासाठी, खेळायचे तेच. शिफ्टवरून आले की चहा, मग टेट्रिस. लांब दांडी येईपर्यंत एक कडेचा रकाना मोकळा ठेवायचा, ही विद्या मला त्यांनीच शिकवली. आईच्या दुधाच्या हिशोबाशेजारी कालनिर्णयच्या पानामागे स्कोअर लिहिले जायचे. त्यात माझं नाव क्वचितच वर असायचं.

रिटायर झाल्यावर शुगरने त्यांच्या डोळ्यांचा पडदा बिघडवला. इंजेक्शनं झाली, लेझर झालं. जे वाचलं ते टिकवायचं, चष्म्याचा नंबर वाढवून फार फरक पडणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आधी पेपर सुटला. मग संध्याकाळी कट्ट्यावर जाणं सुटलं, कारण लांबून माणूस ओळखू येत नाही आणि ते कुणाला सांगायची लाज. ‘थकलोय गं’ म्हणायचं आणि पडून राहायचं. मी एकदा उत्साहात लाइट त्यांच्या हातात दिला. डोळ्याजवळ नेला, लांब नेला, परत दिला. ‘काही दिसत नाही बुवा मला यात.’ मी पण ‘बरं’ म्हटलं आणि माझा गेम पुढे खेळत बसले. आज आठवलं की स्वतःचाच राग येतो.

मग एका शुक्रवारी मित्राचा ओएलईडी दोन दिवसांसाठी मागून आणला. ‘माझ्या’ ट्रायलसाठी, असं सांगून. अप्पांनी हातात घेतला आणि म्हणाले, ‘हे काय, पोळपाट आणलास?’ पण मागचा स्टँड उघडून जेवणाच्या टेबलावर उभा केला, टेट्रिस लावला आणि ते खुर्ची ओढून पुढे सरकले. ठिपके तेवढेच, पण प्रत्येक ठिपका मोठा! माझ्या हिशोबात जो तोटा होता, तो त्यांच्यासाठी फायदा निघाला.

निन्टेंडोने हे २००९ मध्येच एकदा केलं होतं, हे नंतर वाचलं. डीएसआय नावाच्या त्यांच्या कन्सोलचं थोराड भावंड, एक्सएल. सव्वातीन इंचाची स्क्रीन ४.२ इंचांची केली, ठिपके एकही वाढवला नाही. शेजारी बसलेल्यालाही दिसावं, हा त्यामागचा विचार. मला तो विचार सुचायला पंधरा वर्षं आणि एक उसना पोळपाट लागला.

सगळं गोड गोड झालं असं समजू नका. बाजूचे कंट्रोलर सुटे करून दोघांना एकेक घेता येतो, जे लाइटमध्ये जमतच नाही. पण तो सुटा तुकडा काडेपेटीचा थोरला भाऊ! अप्पांच्या जाड अंगठ्याखाली दोन बटणं एकदम दाबली जायची. स्क्रीन मोठी केली, बटणांचं काय? शेवटी दोन्ही तुकडे त्यांना देऊन मी नुसती बघत बसले. पहिल्या दिवशी सतत हरले. चिडले. ‘फार जोरात पडतंय हे’ म्हणाले. मी वेग कमी करून दिला. डावीकडचा रकाना मात्र न सांगता मोकळा ठेवलेला होता.

सोमवारी मी मशीन परत नेलं. रात्री घरी आले तर दारातच प्रश्न, ‘पोळपाट कुठंय?’

दिवाळीत घेतला. जून २०२५ मध्ये आलेला स्विच २ पण बघितला, ७.९ इंची, मोह होतोच. पण वजन अर्ध्या किलोच्या वर, बॅटरी कंपनीच्याच आकड्यांनुसार दोन ते साडेसहा तास, आणि किंमत ऐकून आईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती इथे लिहिण्यासारखी नाही. मुकाट ओएलईडीच घेतला. तो घरीच असतो. पंचवटीत अजून माझा लाइटच, इगतपुरीच्या पुढच्या बोगद्यांपर्यंत, मग डुलकी.

अप्पा अजून कट्ट्यावर जात नाहीत. पेपर मीच वाचून दाखवते, रविवारी. पण परवा दुधाचा हिशोब करायला आईने कालनिर्णयचं पान उलटलं, तर मागे जाड स्केचपेनने लिहिलेले वाकडेतिकडे आकडे, समोर तारखा. माझं नाव तिसऱ्या नंबरवर. दुसऱ्यावर कोण म्हणून विचारलं, तर आई पदराने हात पुसत आत निघून गेली.