उरलेल्या आठ गोळ्या

गोचीड तापात डॉक्सीसायक्लिन 28 दिवस द्यावं लागतं. भिलाईच्या सेक्टरांत कुत्री पाळणाऱ्यांना हा आकडा पाठ असतो. मोतीच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून रक्त आलं, तेव्हा आम्ही त्याला दुर्गजवळ अंजोऱ्याच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं. तिथल्या बाकावर कुणी कुणाचं गाव विचारत नाही. ‘कुछ खाया?’ एवढंच. गोळी भातात द्या, दुधातून नको, वर पाणी पाजा, नाहीतर घसा भाजतो, हे तिथंच कळलं.

मोती उठला. शेजारच्या बंगाली काकूंची जूली त्याच तापाने विसाव्या गोळीनंतर गेली. दुसऱ्या दिवशी काकू उरलेल्या आठ गोळ्या कागदात बांधून घेऊन आल्या. ‘मोती का काम आएगा.’ मोती बराच वेळ त्यांचा पदर हुंगत राहिला.